कागदावर नसलेली आंघोळ

“साळवे म्हणजे कुठले?”

दार अर्धंच उघडलं होतं. आत सुप्रभा निजसुरे, बाहेर पायपुसण्यावर रंभाबाई साळवे. गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र, काखेत घडी केलेला निळा एप्रन, रेनकोटावरून पाणी ठिबकतंय. ब्रिस्टल, ऑक्टोबर १९८८.

“जालन्याकडचे.”

“नाही, जालना कळलं. पण साळवे म्हणजे...”

“तुमच्या मनात आलंय ना, तेच. बौद्ध. आत येऊ का? दोन तासांतली पाच मिनिटं इथंच गेली.”

सुप्रभाबाई बाजूला झाल्या. त्यांचा नाइलाज होता. यजमान, डॉक्टर श्रीनिवास निजसुरे, जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा शशिधर ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत होता. गुडघे जिना चढू देत नव्हते. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, घरकामाच्या मदतीसाठी अर्ज त्यांनीच केला होता आणि त्यात ‘मराठी किंवा हिंदी बोलणारी मिळाल्यास बरे’ असंही लिहिलं होतं. मराठी बोलणारी होम हेल्प आख्ख्या शहरात एकच होती, आणि ती आता पायपुसण्यावर पाय पुसत होती.

“स्वयंपाकघराचं मी बघते,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “तुम्ही बाकीचं करा. चहा मी बाहेर आणून देत जाईन. तुमचा कप वेगळा ठेवते.”

“कपाची तसदी घेऊ नका. माझा फ्लास्क असतो.”

हा प्रसंग रंभाबाई पुढे कितीदा तरी सांगत. सुप्रभाबाईंचा कपाळावर आठी घालून पाहण्याचा आविर्भाव हुबेहूब करत, आणि ऐकणारे हसले की स्वतः मात्र हसत नसत.

रंभाबाई १९७३ साली नवऱ्यामागून इथे आल्या. कडूबा साळवे विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. रंभाबाईंची शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत, चादरी घड्या घालता घालता शिकल्या, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत ब्रिस्टलचा हेल आणि जालन्याचा ठेका दोन्ही होते. १९८४ मध्ये जॉब सेंटरच्या भिंतीवर त्यांना एक कार्ड दिसलं: होम हेल्प हवी. म्हातारी, आजारी, अपंग माणसं आपापल्या घरात एकटी राहतात. कौन्सिल त्यांच्याकडे बाई पाठवतं. ती झाडलोट करते, धुणं लावते, सामान आणते, सूप गरम करते. मुलाखत घेणारी बाई वेल्सकडची होती, ग्वेन प्रॉसर. भागातल्या सगळ्या होम हेल्पांचं वेळापत्रक तिच्या हातात.

“आधी असं काम केलंय?” ग्वेनने विचारलं होतं.

“चौदाव्या वर्षापासून करतेय. पगार पहिल्यांदाच मिळणार.”

ग्वेन हसली आणि तिने तिथल्या तिथे एप्रन काढून दिला. तेव्हापासून इंग्रजीत दोघी एकमेकींना नावानेच हाक मारत.

पण निजसुऱ्यांच्या घरचं काम मिळालं तेव्हा कडूबा बिथरले. दर एप्रिलमध्ये ब्रिस्टलमधल्या आपल्या चार कुटुंबांना घेऊन लंडनला जाणारे, किंग हेन्रीज रोडवरच्या त्या घरासमोर फुटपाथवर उभं राहून पोरांना ‘इथं बाबासाहेब राहून शिकले’ असं सांगणारे हे गृहस्थ. त्या संध्याकाळी जेवणाचं ताट तसंच ठेवून ते म्हणाले, “सात समुद्र ओलांडून आलो ते पुन्हा त्यांच्याच घरचं झाडायला?”

“मला त्यांनी नाही बोलावलं. कौन्सिलनं पाठवलंय.”

“काम तेच ना!”

“तेच कसं? माझ्या सासऱ्यानं गावकीची कामं केली. सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली. त्याला पगार होता? पेन्शन होती? युनियन होती? माझ्या कामाला कागद हाये. दोन तास म्हणजे दोन तास. त्यात लिहिलंय ते करीन, नाही लिहिलं ते करणार नाही. जेवा आता.”

कडूबा जेवले. कागद असणं म्हणजे काय, ते त्यांना कळत होतं.

सव्वादोन वर्षं कागदाप्रमाणे चाललं. रंभाबाई आठवड्यातून तीनदा जात. मंगळवार, गुरुवार, शनिवार. हूवरने गालिचे साफ करणं, धुणं, बाजारहाट. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पिशवी ठेवायची, आत जायचं नाही. दोघी बोलत कमी. मराठी बोलायला मिळतं म्हणून सुप्रभाबाई अधूनमधून बोलण्याचा धागा सोडत आणि रंभाबाई तो जेवढ्यास तेवढा उचलत.

जानेवारी १९९१ मध्ये सुप्रभाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी आल्या त्या उजवा हात खांद्याच्या वर जात नाही अशा अवस्थेत. पलंग खाली पुढच्या खोलीत आला. सुदैवाने खालीच, जिन्याजवळ, एक छोटी बाथरूम होती. डॉक्टरांनी हौसेने बांधून घेतलेली.

एका मंगळवारी रंभाबाई आल्या तर सुप्रभाबाई खुर्चीत बसून देवघराकडे पाहत होत्या. देवांवर धूळ. खोलीत कोंदटलेला वास.

“काय झालं, काकू?” रंभाबाईंनी त्यांना काकू म्हणण्याची ही पहिली वेळ. आजारी माणसाला काहीतरी नात्याचं म्हणावं लागतं म्हणून तोंडात आलं ते.

“अकरा दिवस झाले. मी पारोशी आहे. देवांना हात कसा लावू?”

“नर्स येते ना?”

“आली होती. टब भरला आणि म्हणाली, बसा. मी म्हटलं, आपल्याच मळाच्या पाण्यात बसायचं? म्हशीसारखं? वरून पाणी घाल म्हटलं, तर तिला काही कळेना. वहीत लिहिलं, पेशंटने नकार दिला. गेली निघून.”

“मग आता?”

“आता काही नाही. ओल्या फडक्याने पुसते जमेल तेवढं.”

रंभाबाईंनी रेनकोट काढला. “मी घालते.”

“तुम्ही?”

“दुसरं कोण आहे इथं?”

सुप्रभाबाई म्हणाल्या, “तुम्हाला चालतं का? म्हणजे नियमाने?”

“नाही चालत. होम हेल्पनं अंगाला हात लावायचा नाही. ते नर्सचं काम. कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल.”

“मग कशाला?”

“मग नर्सला बोलवा. टबात बसा.”

शेवटी सुप्रभाबाईंनी डावा हात पुढे केला, उठवा म्हणून.

टबात प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, शेजारी बादली, स्टीलचा तांब्या. पहिलं पाणी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. सुप्रभाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. साबण, मान, काखा, पाठ. सगळं झाल्यावर रंभाबाई टॉवेल उलगडत होत्या, तेव्हा सुप्रभाबाईंनी डाव्या हाताने तांब्या बुडवला आणि स्वतःच स्वतःवर ओतला. हळूच, न बोलता. शिवल्यानंतरचं पाणी.

रंभाबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या आजीने त्यांना ते पाणी लहानपणीच ओळखायला शिकवलं होतं.

“काकू,” त्या टॉवेल धरून म्हणाल्या, “बादलीतलं पाणी गार झालंय. शेवटचा तांब्या घेऊ नका. सर्दी होईल.”

पुढच्या खेपेलाही तो तांब्या झाला. त्याच्या पुढच्याही. रंभाबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यातल्या एका शनिवारी तांब्या बादलीत तसाच राहिला आणि सुप्रभाबाई म्हणाल्या, “टॉवेल दे गं. थंडी वाजते.” पुढच्या आठवड्यात पिशवी उंबऱ्यावर ठेवायला गेलेल्या रंभाबाईंना आतून हाक आली, “बाहेर काय उभी राहतेस? डाळ कुठल्या डब्यात जाते ते बघून ठेव.” आणि नवल म्हणजे, कुणी बाहेरचं आलं की हीच हाक ‘तुम्ही’वर जायची.

टाइमशीटवर मात्र दर आठवड्याला तेच तीन शब्द. हूवर, लाँड्री, शॉपिंग.

रंभाबाईंची मुलगी आशा तेव्हा सतरा वर्षांची. जन्म ब्रिस्टलचा, मराठी स्वतःच्या सोयीची. टाइमशीट भरायला आईला तीच मदत करायची.

“आई, पण तू तर तिला बाथ देते. मग हा टाइमशीट खोटी आहे.”

“खोटी नाही. अर्धी आहे.”

कडूबांनी पेपर खाली केला. कारखान्याने माणसं कमी केली त्यात त्यांचं नाव होतं. घर आता रंभाबाईंच्या पगारावर चालत होतं आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढत नसे. पण त्या दिवशी ते जे बोलले ते रंभाबाईंच्या जिव्हारी लागलं.

“तूच म्हणाली होतीस, कागद हाये. ज्या कामाला कागद नाही, ज्याचा पगार नाही, जे कुणाला सांगायचं नाही, त्या कामाला आपल्याकडं काय म्हणतात? तीच ना गावकी?”

“काहून असं बोलता?”

“चूक आहे का सांग.”

मंगळवारी रंभाबाई पुन्हा निजसुऱ्यांकडे गेल्या.

१९९३ च्या एक एप्रिलपासून नवा कायदा येणार होता. ग्वेनने सगळ्या होम हेल्पांना हॉलमध्ये बोलावून समजावलं. कौन्सिल आता सगळी कामं स्वतः करणार नाही. खाजगी कंपन्यांकडून कॉन्ट्रॅक्टवर विकत घेणार. कोणाला किती मदत लागते ते कौन्सिलचा माणूस घरी जाऊन तपासणार, त्याला म्हणायचं असेसमेंट. ग्वेनच्या हुद्द्याचं नावसुद्धा बदललं होतं. ती आता केअर मॅनेजर होती.

“नुसत्या झाडलोटीसाठी यापुढे बाई मिळणार नाही,” ग्वेन म्हणाली. “ज्यांना कपडे घालायला, आंघोळीला, जेवायला मदत लागते, त्यांनाच.”

“म्हणजे आता अंगाला हात लावायचा?” रंभाबाईंनी विचारलं.

“कंपनीच्या बायका लावतील. ट्रेनिंग घेऊन.”

हॉल हसला. रंभाबाई नाही हसल्या.

मार्चच्या एका गुरुवारी ग्वेन निजसुऱ्यांकडे येणार होती. रंभाबाई सकाळी पोचल्या तर सुप्रभाबाई पलंगावर बसलेल्या, मांडीवर मोतिया रंगाची इरकली, समोर मोत्याची कुडी.

“नेसव मला. आणि पोहे भिजव. खोबरं फ्रीजमध्ये आहे.”

“कशाला? मुलगी बघायला येतायत का, काकू?”

“चावटपणा पुरे. कौन्सिलची बाई पहिल्यांदा घरी येतेय. निजसुऱ्यांच्या घरून कुणी कोरड्या तोंडाने गेलेलं नाही.”

“काकू, ती पाहुणी नाही. ती तुम्हाला काय येत नाही ते बघायला येतेय. इरकली कसली नेसता? गाऊन घाला. केस विस्कटा.”

“भिकारणीचं सोंग आणू?”

“सोंग कसलं! आहे तसं दाखवा.”

“आहे तसं म्हणजे?” सुप्रभाबाईंचा आवाज चिरका झाला. “डॉक्टरांच्या बायकोचं काय आहे ते परक्या बाईने बघायचं? तू नेसव आधी.”

रंभाबाईंनी नेसवलं. उजवा हात हातात घेऊन ब्लाउजच्या बाहीत सरकवला, निऱ्या काढल्या, पदर पिनेने लावला, कुडी घातली. मग पोहे केले, चहा टाकला आणि ग्वेनची गाडी लागली तेव्हा स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या.

ग्वेनने पोहे चाटूनपुसून खाल्ले. “किती छान! हे तुम्ही केलंत?”

“ऑफ कोर्स,” सुप्रभाबाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तीस वर्षं डॉक्टरांच्या पार्ट्यांमध्ये घोटलेलं होतं.

“कपडे तुमचे तुम्ही घालता? ही एवढी लांब साडी?”

“लहानपणापासून नेसते.”

“आंघोळ?”

स्वयंपाकघरात रंभाबाईंनी कढई घासायला घेतली होती. हात थांबला. ग्वेन पन्नास वेळा म्हणाली होती, अंगाला हात लावायचा नाही, नोकरी जाईल.

“रोज,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “आंघोळ केल्याशिवाय आम्ही देवाला हात लावत नाही.”

“स्वतःच्या स्वतः?”

“दुसरं कोण आहे इथे?”

ग्वेनच्या पेनाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. रंभाबाईंनी नळ सोडला आणि कढई घासली.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. मिसेस निजसुरे दैनंदिन बाबतीत स्वावलंबी असून त्यांना वैयक्तिक मदतीची गरज आढळलेली नाही. सबब कॉन्ट्रॅक्टखालच्या सेवेस त्या पात्र नाहीत. सध्याची होम हेल्प चार आठवड्यांनी बंद होईल. निर्णय मान्य नसल्यास तोवर फेरतपासणी मागता येईल.

सुप्रभाबाईंनी पत्र रंभाबाईंकडे दिलं. “शशीला फोन केला. त्याने बघून ठेवलंय म्हणे ब्रॅकनेलजवळ एक होम. तीस म्हाताऱ्या. स्वच्छ आहे म्हणतो. वीणा नोकरी करते, त्यांच्या घरी दिवसभर कोण असणार? त्याचंही खरंच आहे.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“विचारलं, आंघोळ कशी घालतात. म्हणाला, आई, टब आहे, त्यात खुर्चीने खाली सोडतात, एकदम मॉडर्न.” सुप्रभाबाई हसायला गेल्या आणि ते जमलं नाही. “मला इथून जायचं नाही गं. इथे मरायचंय मला. माझ्या देवांसमोर, तोंड धुतलेलं असताना.”

रंभाबाई खाली बसल्या. “मग फेरतपासणी मागा. आणि खरं सांगा.”

“काय सांगू? की मला माझं अंग धुता येत नाही?”

“हो.”

“आणि धुतं कोण, असं विचारलं तर?”

“माझं नाव घ्या.”

“वेड लागलंय? तुझी नोकरी जाईल. कडूबा घरी बसलेत. मी गप्प बसले ती तुझ्यासाठीच ना!”

“काकू,” रंभाबाई म्हणाल्या, “माझ्यासाठी थोडं. बाकीचं कशासाठी ते मी सांगू की तुम्ही सांगता?”

सुप्रभाबाईंनी मान फिरवली.

“शशिधरला तुम्ही काय सांगितलंय? दोन वर्षं कोण आंघोळ घालतं?”

“...नर्स.”

“आणि महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना?”

“नर्स.”

“मी दोन वर्षं तुमच्या अंगावरून हात फिरवते. तुमच्या पाठीवरचा तीळ तुम्हाला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. आणि मी कुठंच नाही. कौन्सिलच्या कागदात नाही, तुमच्या तोंडात नाही. माझा नवरा म्हणतो ही गावकी झाली. मी त्याच्याशी भांडायला गेले, पण माझ्याकडं शब्द नव्हता. नोकरी जायची तर जाऊ दे. पण हे काम कुणीतरी केलं, ते एकदा लिहिलं गेलं पाहिजे. तुम्ही नाही बोललात तर तुम्ही जाल तिथं, टबात, आणि मी कुठंच नव्हते असं होईल.”

सुप्रभाबाई एवढंच म्हणाल्या, “तू जा आज.”

शनिवारी रंभाबाई आल्या तेव्हा टेबलावर फेरतपासणीचा अर्ज होता. डाव्या हाताने लिहिलेला, अक्षरं पडलेली.

मेच्या मध्यावर ग्वेन पुन्हा आली. या खेपेला शशिधरही ब्रॅकनेलहून आला होता. चाळिशीचा, नीटनेटका, सारखं घड्याळ बघणारा. सुप्रभाबाई गाऊनमध्ये होत्या. केस मोकळे. टेबलावर काही नव्हतं, पाण्याचा पेलासुद्धा नाही, आणि ते रिकामं टेबल त्यांना इतकं खुपत होतं की त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. रंभाबाई दाराशी उभ्या.

“बैस,” सुप्रभाबाई मराठीत म्हणाल्या.

“मी बरी आहे.”

“बैस म्हटलं ना. इथे, माझ्याशेजारी.”

रंभाबाई बसल्या. सुप्रभाबाई ग्वेनकडे वळल्या. “मागच्या वेळी विचारलंत ते प्रश्न पुन्हा विचारा.”

“जेवण तुम्ही करता?”

“नाही. ते पोहे हिने केले होते.”

“कपडे?”

“हात वर जात नाही. हा बघा.” उजवा हात खांद्याखालीच थरथरला. “ती साडी हिने नेसवली होती.”

ग्वेनचं पेन सावकाश चाललं. “आंघोळ?”

शशिधर मध्येच म्हणाला, “आई, आंघोळीला नर्स येते ना? तेही सांग.”

“नर्स येत नाही, शशी.”

“कधीपासून?”

“कधीच नाही आली. एकदा आली, तिला मी परत पाठवली.”

“मग दोन वर्षं तू मला फोनवर...”

“खोटं सांगत होते. मला रंभा आंघोळ घालते. रंभाबाई साळवे. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. बाकीचे चार दिवस मी पारोशी असते.” हे त्यांनी आधी मराठीत सांगितलं, मग ग्वेनकडे बघून इंग्रजीत, एकही शब्द न गाळता.

शशिधर एकदा आईकडे, एकदा रंभाबाईंकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की लाज, ते त्यालाच ठाऊक नसावं.

ग्वेनने पेन खाली ठेवलं. “रंभा, हे खरं आहे?”

“हो.”

“तुझी टाइमशीटं माझ्या कपाटात आहेत. त्यांच्यावर माझी सही आहे. हे मी लिहिलं तर मला वर कळवावं लागेल. कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“मी हे ऐकलंच नाही असं करता येईल,” ग्वेन खाली बघत म्हणाली. “नुसतं लिहीन की प्रकृती बिघडली आहे, आता मदत लागते. आतापर्यंत कोण करत होतं हे कुणी विचारणार नाही.”

शशिधरला सुटल्यासारखं वाटलं असावं. तो म्हणाला, “दॅट्स व्हेरी काइंड. रंभाबाई, बघा ना, सगळ्यांचंच...”

“लिही,” रंभाबाई म्हणाल्या.

“रंभा...”

“ग्वेन, लिही. मी केलंय ते.”

ग्वेनने लिहिलं.

निघताना शशिधर दाराशी रंभाबाईंसमोर थांबला. “मी तुमचे आभार कसे मानू...”

आतून आईचा आवाज आला. “आभार मानू नकोस. कौन्सिलला पत्र लिहून दे. तिने काय केलं ते लिही. सही कर आणि ते मला वाचून दाखव.”

त्याने लिहिलं. पोस्टात टाकण्याआधी फोनवर वाचूनही दाखवलं. आईने त्यातला ‘मदतनीस’ हा शब्द खोडायला लावून तिथे नाव घालायला सांगितलं.

जूनमध्ये दोन निर्णय एकाच आठवड्यात आले. सुप्रभाबाईंना कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टखाली रोज सकाळी एक तास बाई मिळणार होती. आठवड्याचे सातही दिवस, आंघोळीसकट. आणि रंभाबाईंची चौकशी झाली. तिघे जण टेबलामागे, शेजारी युनियनचा माणूस. त्यांनी विचारलं, नियम माहीत असून तुम्ही हे का केलंत? रंभाबाई म्हणाल्या, “तिला आंघोळ हवी होती.” आणखी समजावून सांगा म्हणाले. रंभाबाईंनी तेच पुन्हा सांगितलं. शशिधरचं पत्र वाचलं गेलं. नोकरी राहिली. शेवटची लेखी ताकीद मिळाली, नदीपलीकडे बेडमिन्स्टरला बदली झाली, आणि निजसुऱ्यांच्या घरी कामासाठी जायला बंदी.

घरी कडूबांनी ते ताकीदपत्र आशाकडून दोनदा वाचून घेतलं. त्यात एक वाक्य होतं: सदर कर्मचाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मिसेस निजसुरे यांना नियमितपणे आंघोळ घातली. कडूबांनी चष्मा काढला. “आता आलं कागदावर,” ते म्हणाले आणि उठून चहा करायला गेले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. रंभाबाईंना बसल्या जागी चहा मिळाल्याचं आशाने पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी सुप्रभाबाईंचा फोन.

“म्हणजे तू येणार नाहीस.”

“नाही, काकू. कंपनीची बाई येईल. सोमवारपासून.”

“मग कशाला केलंस गं हे सगळं? तूच राहणार नव्हतीस तर?”

“तुम्ही राहाव्यात म्हणून.”

“तिला काय सांगू मी? तिला पारोसं म्हणजे काय ते कळणार आहे का?”

“मी कळवते.”

दुसऱ्या दिवशी रंभाबाई ग्वेनच्या ऑफिसात गेल्या. नव्या कायद्यात प्रत्येकाच्या नावाचा एक केअर प्लॅन असे. कंपनीच्या बाईने तो वाचून काम करायचं. सुप्रभाबाईंचा अजून भरायचा होता.

“मी सांगते, तू लिही,” रंभाबाई म्हणाल्या. “टब भरायचा नाही. टबात स्टूल. बादलीत पाणी, आणि भांड्याने ओतायचं.”

“हं.”

“पाणी आधी पायावर. डोक्यावर एकदम घातलं तर तिचा श्वास अडकतो. उजवा हात धरून उचलायचा नाही. खालून आधार द्यायचा, कोपराला. ती म्हणेल, तुम्ही बाहेर थांबा. थांबायचं नाही. पाठ करून उभं राहायचं, पण आत. साबण डोळ्यात गेला तरी ती सांगणार नाही, आपण बघायचं.”

“रंभा, या फॉर्ममध्ये चारच ओळी आहेत.”

“मग मागच्या बाजूला लिही.”

ग्वेनने कागद उलटला.

“आंघोळ झाली की आधी चहा विचारायचा नाही. ती देवाकडे जाते. वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पलंग करून घ्यायचा. आणि तिला सुप्रभा म्हणायचं नाही. मिसेस निजसुरे. उच्चार येत नसेल तर मला फोन करायला सांग, मी शिकवीन.”

ग्वेन लिहीत होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी नव्या कंपनीच्या माहितीपत्रकांचे गठ्ठे ढकलत नेत होतं.

“तू तिला काय म्हणायचीस?”

“काकू.”

“लिहू?”

रंभाबाईंनी जरा विचार केला. “नको. काकू म्हणायचं की नाही, ते त्या दोघी बघतील.”

ग्वेनने खाली तारीख घातली आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.